चामराजपेटेतली डॉक्टरची वरात

बंगळूरहून आल्यापासून आमच्या सांगलीच्या भगिनी मंडळात रोज कुणी ना कुणी विचारतं, "लालबाग पाहिली का? विधानसौध पाहिलं का? म्हैसूरला तरी जाऊन आलात की नाही?" लालबागेच्या भिंतीला लागून आमची रिक्षा इतका वेळ उभी होती की भिंत मी अगदी बारकाईनं पाहिली आहे. आतली बाग मात्र राहिली. विधानसौध बसमधून पाठमोरं दिसलं, तेही मधे एक गलेलठ्ठ गृहस्थ आले म्हणून अर्धंच. तेव्हा ज्यांना प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांनी एखाद्या सहलवाल्याला गाठावं. मी मुलाला भेटायला गेले होते, आणि त्यातून जे काय झालं ते कुठल्याही सहलीत दाखवत नाहीत.

निघण्याआधी

माझा मुलगा निनाद जर्मनीत पाच वर्षं शेवाळाचा अभ्यास करत होता. शेवाळ म्हणजे तेच, जे आमच्या मागच्या मोरीत पावसाळ्यात उगवतं आणि ज्याच्यावरून त्याचे वडील दोनदा आपटलेत. "एवढ्यासाठीच जायचं होतं तर घरबसल्या झाला असतास की डॉक्टर," असं मी म्हटलं होतं, तेव्हा तो हसला नव्हता. असो. झाला एकदाचा डॉक्टर. लगोलग कॅनडात पुढचं कामही मिळालं. मधे बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत आठवडाभराचं काम होतं आणि तिथूनच परस्पर कॅनडाचं विमान. सांगलीला यायला सवड नव्हती. माझी एक नणंद, मालनवन्सं, लग्न होऊन बंगळूरच्या चामराजपेटेत गेलेली. तिनं फोनवर फर्मान काढलं, "पोरगा डॉक्टर झाला, आमच्याच घरी उतरणार, मग तू तिथं बसून काय करतेस? ये. इथंच गोडधोड करूया की."

आमचे हे हळदीचे व्यापारी. सौदे सुरू असले की हे सांगलीतून हलत नाहीत आणि सौदे नसले तरी हलत नाहीत. म्हणून मी एकटीच निघाले.

बॅग भरताना पुण्याहून माझ्या मुलीचा, रेवतीचा, फोन आला. "आई, एक शब्द दे. निनादला 'परत कधी येणार' असं एकदाही विचारायचं नाही."

"का? आई आहे मी त्याची."

"पाच वर्षं दर रविवारी तू त्याला दोनच गोष्टी विचारल्यास. काय खाल्लंस, आणि परत कधी येणार. तो 'बघू' म्हणतो आणि फोन ठेवतो. आता तर दोन दोन रविवार फोन नसतो. तुला हवंय का तेही बंद व्हायला?"

हे मात्र मनाला लागलं, कारण खरं होतं. आधी दर रविवारी, मग एक आड एक रविवारी, मग "नेटवर्क नव्हतं." आणि तरीही मला तेच एक विचारायचं होतं. दुसरं काही विचारायचंच नव्हतं. पोरगा जर्मनीहून कॅनडाला, म्हणजे लांबून आणखी लांब निघाला होता, आणि आईनं विचारायचं नाही की परत कधी?

पण रेवती माझीच मुलगी. तिनं माझ्याकडून शपथ घेतली, तीही माझ्या शिट्टीची. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. नोकरीभर जी शिट्टी माझ्या गळ्यात होती ती अजूनही पर्समध्ये असते. देवाची शपथ मी एखादवेळी मोडेन, शिट्टीची नाही मोडणार.

चामराजपेट

प्रवासाचं काही सांगत नाही. रात्रीची बस जशी असते तशी होती आणि पुढच्या सीटवरचा माणूस जसा घोरतो तसा घोरला.

चामराजपेटेत वन्संचं घर अशा गल्लीत आहे की समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांतल्या बायका जागच्या न हलता एकमेकींना मीठ देऊ शकतील. खाली एका बाजूला पिशव्या शिवणारा, दुसऱ्या बाजूला स्टीलची भांडी. घरात त्या आठवड्यात वन्सं आणि त्यांचे सासरे एवढेच होते. वन्संचे यजमान परगावी गेले होते. सासऱ्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, दात स्वतःचे, आणि मराठी अशी की अर्धी मला कळते आणि उरलेली ऐकायला गोड लागते.

"ये ये, बेगा ये," वन्सं दारातूनच म्हणाल्या. "ऊटा तयार आहे. आधी कापी घे." बेगा म्हणजे लवकर आणि ऊटा म्हणजे जेवण, हे मला जुन्या ओळखीनं ठाऊक होतं. आमच्या सांगलीत कॉफी दोनच वेळा करतात, ताप आल्यावर किंवा मुलगी दाखवायची असल्यावर. इथे ती उठल्यावर, नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर आणि कुणी आलं तर पुन्हा. मी सांगलीचं भडंग काढलं. अण्णांनी एक चिमूट तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "भारी आहे. साकु." साकु म्हणजे पुरे.

संध्याकाळी निनाद प्रयोगशाळेतून आला. दाढी वाढवलेली, पोट आत गेलेलं. मी त्याच्या पाठीवर एक थाप मारली. आम्हा खेळवाल्यांची माया अशीच असते. तो म्हणाला, "आई, तुला एक दाखवायचंय," आणि त्यानं पलंगाखालून भलामोठा खोका ओढला. खोक्यातून निघाली टोपी.

आता या टोपीबद्दल नीट सांगायला हवं. तिकडे म्हणे अशी पद्धत आहे की कुणी डॉक्टर झाला की बरोबरची मंडळी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची टोपी बनवतात, आणि तिच्यावर त्या माणसाची पाच वर्षं चिकटवतात. वर काळा चौकोन, त्याला गोंडा, इथवर ठीक. पण त्या चौकोनावर खऱ्या शेवाळाचा वाळका गठ्ठा होता. एका कोपऱ्यात कागदी रिक्षा. दुसऱ्या कोपऱ्यात खेळण्यातला कुकर, कारण निनादच्या कुकरच्या वाफेनं एकदा वसतिगृहाचा भोंगा वाजून बंब आला होता, जे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि पुढच्या बाजूला, कपाळाच्या बरोबर वर, एक पुठ्ठ्याचा फोन. त्या फोनमध्ये एक बाई. तोंडात शिट्टी.

"ही मी?"

"तूच. रविवारी मी प्रयोगशाळेत असायचो ना, फोन स्पीकरवर असायचा. सगळ्यांना तुझा आवाज माहितीये."

वन्सं पदराआड हसत होत्या. "अगदी बाशिंग आहे की रे हे! याला घालून तुला मिरवला काय?"

इथं गाडं अडलं. निनादनं सांगितलं की टोपी घातल्यावर नव्या डॉक्टरला हातगाडीत बसवतात, गावातून ओढत नेतात आणि शेवटी एका कारंज्यापाशी नेऊन भिजवतात. त्याच्या वेळी अर्ध्या वाटेत गाडीचं चाक निघालं. "मग आम्ही चालतच गेलो जेवायला. कारंजं राहिलंच."

वन्संच्या हातातलं उलथनं थांबलं. त्या ओबट्टू भाजत उभ्या होत्या. ओबट्टू म्हणजे तिकडची पुरणपोळी, आमच्यापेक्षा पातळ, आणि यावेळी तिच्यात पुरणाऐवजी खोबरं होतं.

"राहिलं? मधेच सोडलं?"

"आत्या, गंमत असते ती."

"मुंज लावली आणि भिक्षावळ राहू दिली तर चालतं काय? मग तू अर्धाच डॉक्टर की!"

"विधी नाही गं तो!"

"सगळे विधी आधी गंमतच असतात," अण्णा शांतपणे म्हणाले. "मागून येणाऱ्यांना हसायचं कुठं ते कळत नाही, मग त्याचे विधी होतात. गाडी कुणी ओढायची असते?"

"बरोबरच्यांनी."

"आणि कारंजं उत्तरेला होतं काय?"

पोरगा पाच वर्षं जर्मनांशी वाद घालून आला होता, पण या दोघांपुढे त्याचं काही चाललं नाही. पानं वाढून होईपर्यंत दिवस ठरला होता. रविवार. आमच्याकडे फार तर अमावस्या बघतात, बंगळूरची माणसं राहुकाळ आणि ट्रॅफिक दोन्ही बघून घराबाहेर पडतात. रविवारचा राहुकाळ संध्याकाळी असतो, म्हणून सकाळी निघायचं. सोमवारी दुपारी त्याचं विमान.

मग अण्णांनी टोपी मांडीवर घेतली, चष्मा वर सरकवला, आणि त्या पुठ्ठ्याच्या बाईच्या तोंडाजवळ चिकटवलेला कागदी ढग डोळ्यांजवळ नेला. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. कुणीतरी जर्मन माणसानं गिरवून गिरवून काढलेली वेडीवाकडी देवनागरी अक्षरं होती. अण्णांनी मोठ्यानं वाचलं, "परत. कधी. येणार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणाला विचारलंय?"

 मी शपथ घेऊन, तोंडाला कुलूप लावून इथवर आले होते आणि पोराच्या डोक्यावरची टोपीच बोंबलून विचारत होती! परदेशात माझं हसं झालं होतं. पाच वर्षं. स्पीकरवर.

निनाद पाणी प्यायला लागला. मी ताटाकडे बघत राहिले. अण्णांना आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं, की होतं, देव जाणे. ते टोपी खाली ठेवत म्हणाले, "आमचा मूळ पुरुष सतराव्या शतकात मराठी फौजेबरोबर इकडं आला. साताऱ्याच्या बाजूचा. चार महिन्यांची मोहीम आहे म्हणून सांगून निघाला असणार. त्याच्या आईनंही दारात उभं राहून हेच विचारलं असेल, परत कधी येणार?"

"मग?" मी विचारलं.

"अजून कुठं गेलाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ताक ओरपलं.

वन्सं हसल्या, निनाद हसला. मी हसले नाही. मला त्या साताऱ्याच्या बाईचं फार वाईट वाटलं.

जयनगर

रविवारच्या तयारीला हार, नारळ आणि गाडीवर घालायला एक बरं कापड हवं होतं. शनिवारी वन्संनी आम्हा मायलेकांना जयनगरला पिटाळलं. तिथला बाजार आमच्या सांगलीच्या मारुती रोडसारखाच आहे, फक्त फुलं जास्त आणि ओरडणं कमी. फुलवाली मोगरा हातानं मोजून देते, म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंत एक माप. आमच्याकडे गजरा घेताना भांडावं लागतं, इथे बाईचा हात लांब आहे की आखूड ते पाहून गिऱ्हाईक फुलवाली निवडतं. मी सगळ्यांत उंच बाई निवडली आणि उगाचच खूश झाले.

मग निनाद मला एका उभ्यानं खायच्या हॉटेलात घेऊन गेला. तिथे एका बशीत तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारी शेजारी येतो. एक चमचा इकडचा, एक तिकडचा. पुढ्यात असं ताट आलं की माणसाला भांडता येत नाही, पण मी भांडायचं ठरवलंच होतं.

"एक बाय टू," निनादनं काउंटरवर सांगितलं. ही तिथली पद्धत मला फार आवडली. एकच कॉफी मागायची आणि दोन पेल्यांत अर्धी अर्धी घ्यायची. आमच्याकडे कटिंग चहा असतो, पण त्यात ज्याचा त्याचा पेला वेगळा. इथे एकाची कॉफी दोघांची होते. पोरानं माझ्या पेल्यात थोडी जास्त ओतली.

मी म्हटलं, "हसं केलंत ना माझं तिकडं?"

"कशावरून?"

"टोपीवर लिहिलंय ते."

त्यानं चमचा बशीत ठेवला. शेजारच्या माणसाची सांबाराची वाटी कलंडली, त्यावरून थोडी धावपळ झाली. ती मिटल्यावर निनाद म्हणाला, "आई, एका रविवारी त्यांनी मला विचारलं, तुझी आई शेवटी दरवेळी एकच वाक्य म्हणते, त्याचा अर्थ काय? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी जेवायला निघालो तर एक जण म्हणाला, 'परत कधी येणार?' अगदी मराठीत. मग सगळेच म्हणायला लागले. कुणी सुट्टीवर निघालं, कुणी नुसतं खाली दुकानात निघालं, तरी. आमच्या प्रयोगशाळेत चिनी आहेत, पोलंडचे आहेत, आफ्रिकेतल्या घानाचा एक आहे. त्या घानाच्या पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिथे कुणी कुणाला विचारत नाही गं असं. माणसं येतात आणि जातात."

मी कॉफीत फुंकर मारत राहिले. ती कधीच गार झाली होती.

"मग तू फोन का ठेवायचास?"

"कारण मला उत्तर माहिती नसायचं. खोटं सांगवत नव्हतं आणि खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. मग 'बघू' म्हणायचो. तू मग नुसतं 'बरं' म्हणायचीस. ते तुझं 'बरं' मला दिवसभर पुरायचं."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मधे टेबल होतं आणि हातात उंच फुलवालीचा मोगरा. शिवाय प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. आता तर सरळ सरळ वाट मोकळी झाली होती. मी पर्समध्ये हात घातला आणि शिट्टी घट्ट धरली.

"शिरा खा," मी म्हटलं. "गार होतोय."

वरात

रविवारी सकाळी दारात बसण्णा आला. हा वन्संच्या गल्लीत पालेभाजी विकतो. त्याच्या तळ्ळुगाडीवर, म्हणजे ढकलायच्या हातगाडीवर, वन्संचा डोळा होता. बसण्णा गाडी द्यायला तयार होता, पण गाडीवरची भाजी उतरवायला तयार नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला ती ढकलू द्यायलाही तयार नव्हता. निनादनं हळूच आठवण केली की ओढायचं काम बरोबरच्यांचं असतं.

"मग बसण्णा कोण आहे?" वन्सं म्हणाल्या. "तू शेवाळातला, तो कोथिंबिरीतला. एकच लाइन की!"

याला जर्मन विद्यापीठाकडेही उत्तर नसतं. निनाद मेथी आणि कोथिंबिरीच्या मधोमध मांडी घालून बसला. वन्संनी त्याला ओवाळलं, अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि नारळ वाढवला. वन्संनी एक नादस्वरवाला, म्हणजे तिकडचा सनईवाला, आणि एक ढोलवालाही सांगून ठेवला होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. "नुसती गाडी कशी न्यायची? मुकी वरात बरी दिसत नाही."

नादस्वर वाजला आणि बाल्कन्या भरल्या. आता विचार करा. सकाळची वेळ, ढोल, हार, दाढीवाला तरुण, डोक्यावर बाशिंगासारखं काहीतरी आणि पुढे काठी टेकत चाललेले वडीलधारे. चामराजपेटेनं काय समजायचं? भांडीवाला हात जोडून पुढे आला. पिशव्या शिवणाऱ्यानं अक्षता म्हणून मूठभर चुरमुरे टाकले. वळणावरच्या फुलवालीनं आपणहून एक हार फेकला, तो कुकरमध्ये अडकला. एक आजी माझा हात धरून विचारायला लागल्या, "मदुवेना? हुडुगी एल्ली?" लग्न का, आणि पोरगी कुठे आहे? मी सांगलीच्या मराठीत शेवाळापासून सगळं समजावून सांगितलं. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि केसांत शेवंतीचं फूल खोवलं. त्यांच्या दृष्टीनं मी वरमाय होते.

खरं सांगू? मला आवडलं. या पोराच्या लग्नात मिरवीन तेव्हा मिरवीन. तोवर कॅनडाच्या बर्फात तो कुणाशी कसं लग्न लावेल कोण जाणे. मी मान वर करून, फूल सावरत, वरमाईसारखी चालले. पुठ्ठ्याची मी त्याच्या कपाळावर आणि खरी मी गाडीच्या बाजूला. दोघी एकाच माणसाला तेच विचारू पाहत होतो, तिला मात्र परवानगी होती.

अडचण कारंज्याची होती. जवळच्या बागेत एक होतं, पण त्याला पाणी नव्हतं. वन्सं म्हणत होत्या, तांब्यानं भागवू. तेवढ्यात गल्लीत मागून पाण्याचा टँकर घुसला. बंगळूरला टँकर घरोघर पाणी पोचवतात आणि त्या चालकांना वाटतं की गल्ली त्यांच्यासाठीच बांधली आहे. त्यानं भोंगा सुरू केला. ढोलवाला चिडून आणखी जोरात वाजवायला लागला. बसण्णाला पुढे सरकायला जागा नव्हती, टँकरला मागे जायचं नव्हतं. दोन्हीकडून कन्नडमध्ये आरोळ्या सुरू झाल्या.

इतक्या गोंधळात नोकरीभर मी जे केलं तेच केलं. पर्समधून शिट्टी काढली आणि फुंकली.

शाळेच्या मैदानावर माझी शिट्टी ऐकून चारशे पोरं जागच्या जागी थिजायची. टँकरवालाही थिजला. त्यानं असा करकचून ब्रेक दाबला की टँकर हिसका खाऊन थांबला आणि मागच्या नळीचं तोंड निसटलं. ती नळी एखाद्या चिडलेल्या सापासारखी उडाली आणि तिनं गाडी, मेथी, कोथिंबीर आणि जर्मनीचा डॉक्टर असे सगळे धुऊन काढले. अण्णा वेळेवर भिंतीला चिकटले. नादस्वरवाला भिजत भिजतच सूर धरून राहिला, कसलेला माणूस.

"कारंजं!" वन्सं टाळ्या पिटत ओरडल्या. "आयतु! झालं! पुरा डॉक्टर झाला!"

टँकरवाला खाली उतरून भांडायला आला होता, पण वन्संनी त्याच्याही हातात ओबट्टू ठेवला. सगळ्यांत खूश बसण्णा होता. त्याची भाजी अशी टवटवीत कधी झाली नव्हती आणि घरी पोचेपर्यंत त्यानं ती वरातीतल्या मंडळींनाच विकली. निनाद चिंब भिजून हसत होता. टोपीवरचं वाळकं शेवाळ पाणी पिऊन हिरवंगार झालं होतं. मी ते हात लावून पाहिलं.

"मेलेलं नव्हतं?" मी विचारलं.

"शेवाळ सहजी मरत नाही आई. वाळून पडून राहतं. पाणी मिळालं की परत येतं. पाच वर्षं हेच तर करत होतो मी."

पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा विषय कळला. यांना मोरीत दोनदा आपटलंस त्याबद्दल त्यांची माफी माग, असं त्या शेवाळाला सांगावंसं वाटलं.

विमानतळ

बंगळूरचा विमानतळ इतका लांब आहे की वाटेत आपण पुन्हा सांगलीला लागलो की काय अशी शंका येते. दारापुढे आम्हाला सोडत नाहीत. वन्संनी ओबट्टूंचा डबा दिला, अण्णांनी घरूनच आशीर्वाद पाठवला होता. टोपी सामानात बसेना. निनादनं ती माझ्या हातात दिली. "तू घेऊन जा. तिकडे बर्फात काय करू? शेवाळाला अधूनमधून पाणी मार."

मी टोपी छातीशी धरून उभी राहिले. पुठ्ठ्याची बाई बाहेर तोंड करून त्याला विचारत होती. मी मात्र तोंड मिटून होते. आठवडाभर नाही विचारलं, आता शेवटचं मिनिटही नाही विचारायचं. डोळे भरून आले होते, ते येऊ दिले. त्याला शपथेत मनाई नव्हती.

तो वाकला, पाया पडला, दोन पावलं गेला. मग परत वळला. आईला सांगायचं काही विसरलेलं आठवलं की मुलं जशी उभी राहतात तसा उभा राहिला.

"आई, तू कधी येणार?"

"कुठं?"

"तिकडं. माझ्याकडं."

पाच वर्षं मी हाच प्रश्न त्याला विचारला होता आणि एकदाही मला सुचलं नव्हतं की तो दुसऱ्या बाजूनंही विचारता येतो. मला खूप काही म्हणायचं होतं. यांची हळद, माझे गुडघे, विमानाची भीती, इंग्रजी, बर्फ, आणि येते रे बाबा, आत्ता येते, असं सगळंच एकदम. त्यातलं एकही धड बाहेर पडेना.

"बघू," मी म्हटलं.

तो हसला. "बरं," म्हणाला, आणि आत गेला.

वन्संनी मला गाडीत बसवेपर्यंत मी मोठ्यानं रडले. बाकीच्या प्रवाशांना वाटलं असेल, या बाईच्या हातात बाशिंग आहे, लग्न मोडलं वाटतं.

सांगली

परतीच्या बसमध्ये टोपी मांडीवर होती. मंगळवारी सकाळी घरी पोचले. यांनी दार उघडलं, टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शब्दही वाया न घालवता म्हणाले, "विचारलंस?"

"नाही विचारलं."

"आठवडाभर राहून?"

"त्यानंच मला विचारलं. तू कधी येणार म्हणून."

यांनी टोपी माझ्या हातातून घेतली. फिरवून फिरवून बघितली. फोनमधली बाई बघून मिशीत हसले. ढगातली अक्षरं वाचली. मग टोपी खिडकीत उजेडाला ठेवली, शेवाळावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि मोरीकडे गेले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. चहा झाला, गाळला, गार व्हायला लागला, तरी यांचा पत्ता नाही.

बाहेर आले ते गुळगुळीत दाढी करून. आमच्या यांच्या घराण्यात मंगळवारी कुणी दाढीला ब्लेड लावत नाही. यांच्या आजोबांनी लावलं नाही, वडिलांनी नाही आणि एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी कधी नाही.

"अहो, मंगळवार आहे आज! कुठं निघालात?"

यांनी आरशात बघून ओला भांग सरळ केला.

"पासपोर्टला फोटो लागतो म्हणे," हे म्हणाले. "तूही साडी बदल."